पारावरचा उमेदवार

पालम
१६ जानेवारी १९७८

दत्तराव व्याह्यांना सिताराम मास्तराचा पालमहून रामराम.

संक्रांत झाली. पाकिटात चिमूटभर तीळ घातलेत. पोस्टात त्यांचं काय व्हायचं ते होवो, गोड बोलायचं काम आपण माणसांनी करायचं.

सरजाला वैशाखात तुमच्या घरी दिली, तेव्हापासून ती माहेरी आलेली नाही. पहिली दिवाळी गेली, आता पहिली संक्रांतही गेली. तिच्या आईनं हलव्याचे दागिने करवून घेतले होते, ते डब्यात तसेच आहेत. दिवाळीला मी स्वतः आलो नाही, पुतण्या मुंजाजीला मुराळी म्हणून न्यायला पाठवलं. हे तुम्हाला लागलं आणि तुम्ही त्याला पोटभर जेवू घालून एकट्यालाच परत लावून दिलंत. चूक माझीच. पण यायला खरंच जमलं नाही. कारण विचारू नका, फार मोठं काही नाही.

दुसरं असं, की विधानसभेची निवडणूक लागली आणि आम्हा मास्तरांच्या मागे कामं लागली. सरजाचं नाव अजून पालमच्या मतदार यादीत आहे. तिला एकवीस पुरी झाली तेव्हा मीच ते घातलं होतं. झरीला हलवायचं असेल तर उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या आत तहसिलीत अर्ज द्यावा लागेल, नंतर घेत नाहीत. नाही हलवलं तर मतापुरती तरी तिला इकडे पाठवा. म्हणजे बघा, सणांनी जे झालं नाही ते सरकारनं करून दाखवलं असं होईल.

तिच्या सासूबाईंना, केशरबाईंना नमस्कार. जावई बन्सीधर यांना आशीर्वाद.

सिताराम


झरी
२२ जानेवारी १९७८

सिताराम गुरुजींना दत्तरावाचा रामराम.

तीळ पोचले. पाकीट फोडताना सांडले, ते तुमच्या लेकीनं जमिनीवरून एकेक वेचून खाल्ले. एवढी काय तिळाची नवलाई, घरात पोतंभर आहेत.

पाठवणीचं म्हणाल तर आमच्याकडे रीत आहे. पहिल्या सणाला मुलीचा बाप स्वतः येतो, दारात पाय धुतो, दोन घास खातो आणि लेक घेऊन जातो. पुतण्या हा काय मुराळी झाला? उद्या गड्याला पाठवाल. तुम्ही या, मी त्याच दिवशी पाठवतो. नाही आलात तर सून इथं सुखात आहे. तिच्या मताचंही बघतो. तहसिलीत खेटे मारणं आपल्याला शोभत नाही. तलाठ्याला निरोप धाडलाय, तो घरी येऊन नाव लिहून नेईल.

आता खरी बातमी ऐका. माणिकराव आमच्या भागातून पुन्हा उभे राहणार, त्यांची झरीत सभा झाली. गेल्या दोन्ही खेपेला ह्याच दत्तरावानं त्यांच्यासाठी बैलगाड्या जुंपल्या, गावोगाव हिंडला. ह्या खेपेला मला वर बसायला जागा नाही. सगळ्यांना हार घातले, माझी पाळी आली तेव्हा हार संपले म्हणे. हातात नारळ दिला, तोही सोललेला. सगळं गाव बघत होतं.

म्हणून मी अपक्ष अर्ज भरणार आहे. घाबरू नका, लढायचं कोणाला आहे! अर्ज भरायचा आणि घरी बसायचं. माणिकरावाला येऊन समजूत काढावीच लागेल. तुमच्या दारचं लग्न आठवा. वाजंत्री मला आणायच्या आधी नवरदेवाच्या मामाकडे गेली, म्हणून मी मारुतीच्या पारावर लिंबाखाली जाऊन बसलो. काय बिघडलं? भर दुपारी तुम्ही अनवाणी आलात, मला पागोटं बांधलंत, हात जोडलेत, मी उठलो. मानाचा मान राहिला आणि लग्नही लागलं. जगात सगळीकडे असंच चालतं.

फक्त एक काम करा. अर्ज मागे घ्यायची रीत आणि मुदत नीट लिहून कळवा. तुम्ही त्यातले आहात.

दत्तराव


पालम
२६ जानेवारी १९७८

दत्तराव व्याही, नमस्कार.

झेंडावंदन करून आलो आणि लिहायला बसलो. तुमच्या पत्रावर रागवावं की हसावं ते कळेना, म्हणून नियम लिहितो.

अर्ज भरायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी छाननी. त्यानंतर मागे घ्यायला थोडकेच दिवस, आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत. मागे घेण्याचा कागद तुम्ही स्वतः निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात द्यायचा. नाहीतर तुमच्या अर्जावर सूचक म्हणून ज्याची सही असेल त्यानं, तुमच्या लेखी अधिकारानं. तीननंतर प्रत्यक्ष माणिकराव तुमच्या पाया पडले तरी नाव निघायचं नाही. मतपत्रिका छापायला जाते.

सरजाच्या नावाची मुदत त्याच्याही आधीची आहे. तलाठी आला का? नसेल तर कृपा करून तुम्ही जा.

आता व्याही म्हणून एक बोलतो, राग मानू नका. लग्नात रुसलेल्या व्याह्याकडे मुलीचा बाप धावत जातो, कारण मांडवात त्याची पोर उभी असते. माणिकरावांचं तुमच्यापाशी काय उभं आहे?

सिताराम


झरी
१ फेब्रुवारी १९७८

गुरुजी, रामराम.

अर्ज भरला. हलगी लावून परभणीला गेलो, निम्मं गाव बरोबर होतं. छाननीतही पास झालो. अधिकारी म्हणाला, ‘कागदपत्रं चोख आहेत.’ माझा सूचक म्हणजे चुलतभाऊ दिनकरराव. मागे घ्यायचा कागद लिहून सही करून ठेवलाय. जीप आली की दोघं बसून जाऊ, परभणी काही लांब नाही. ओसरीवर गादी घातली आहे, बारीक साखर आणली आहे. निरोप्ये दोन दिवसांत येतीलच, माणिकराव स्वतः शेवटच्या दिवशी येईल. मोठी माणसं शेवटीच येतात.

तलाठी काही आला नाही. मुदत गेली म्हणतात. म्हणजे सुनेचं मत तिकडेच राहिलं. असू द्या, एका मतानं काय होतं.

तुमचं शेवटचं वाक्य मी घरात वाचून दाखवलं नाही. शाळेतल्या माणसाला उत्तर येत असलं तरी प्रश्न विचारायची खोड असते.

दत्तराव


झरी
७ फेब्रुवारी १९७८

गुरुजी,

हे पत्र वाचून फाडून टाका. बन्सीधरनं तुम्हाला कळवायच्या आधी मीच कळवतो.

निरोप्ये आले नाहीत. शेवटच्या दिवशी मी सकाळीच अंघोळ करून तुम्ही बांधलेलं तेच पागोटं बांधून ओसरीवर बसलो. दिनकरराव शेजारी बसला. तमाशा बघायला म्हणा, चहा प्यायला म्हणा, माणसं जमली. बारा वाजले, एक वाजला. केशरबाई दोनदा बाहेर येऊन म्हणाली, ‘तुमीच जाऊन या की परभनीला. कागद द्यायचाय, काय पोर द्यायचीय?’ मी तिच्यावर खेकसलो. दिनकरराव म्हणाला, ‘दादा, मी एकटा जातो सायकलवर, कुनाला कळत बी न्हाई.’ त्यालाही बसवलं. न बोलावता मागे घेतला तर गाव काय म्हणेल, ही मला भीती.

अडीचच्या सुमारास जीप आली. खरोखर आली, आणि आमच्या दारात थांबली. सगळी ओसरी उभी राहिली. मी मात्र बसून राहिलो, कारण आधी त्यांनी चढून वर यायचं असतं. ड्रायव्हर उतरला, म्हणाला, ‘पानी मिळंल का हो?’ मी आत हाक मारली, सून तांब्या आणि गूळ घेऊन आली. तो हसला. म्हणाला, ‘प्यायला न्हाई बाई, इंजनाला. लय तापलंय.’

माणिकराव पुढच्या सीटवर तोंडावर टॉवेल टाकून झोपले होते.

सून बादली घेऊन आली. भरलेली बादली तिला उचलवेना, म्हणून मी उठलो. गुरुजी, पागोटं बांधलेल्या दत्तरावानं स्वतःच्या हातानं त्या जीपमध्ये पाणी ओतलं. मी म्हणालो, ‘साहेबांना उठवा की, चहा टाकलाय.’ ड्रायव्हर म्हणाला, ‘नगं मालक, उशीर व्हायलाय, जिंतूरकडं जायचंय.’ आणि गेली जीप. ओसरीवरचं कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकेक जण जोडे घालून निघून गेला.

मग मी आणि दिनकरराव पळालो. एसटी निघून गेली होती, सायकलवर डबलसीट गेलो. कचेरीत पोचलो तेव्हा दार उघडंच होतं, पण अधिकाऱ्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

आता मी उमेदवार आहे. निशाणी छत्री मिळाली आहे. ह्या उन्हात गावातली पोरंसोरं मला बघून डोक्यावर हात धरतात. प्रचाराला मी जाणार नाही, कोणाला तोंड दाखवायचं?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला कळलं. माझ्यापाशी माणिकरावाचं काहीच उभं नव्हतं. तुम्ही त्या दुपारी अनवाणी आलात ते माझ्या मानासाठी आलात असं मी वर्षभर सांगत हिंडलो. तुम्ही तुमच्या लेकरासाठी आला होता.

दत्तराव


पालम
१४ फेब्रुवारी १९७८

दत्तराव व्याही, सप्रेम नमस्कार.

पत्र फाडलं नाही. चुलीत घालणार होतो, पण दोनदा वाचलं. वाईट वाटून घेऊ नका असं लिहिणार नाही, कारण वाईट वाटण्यासारखंच झालं आहे. पण जीपला पाणी घालणं यात लाज कसली? तहानलेल्या बैलालाही आपण पाजतो, तो कोणाचा हे विचारत नाही.

तुम्ही मन मोकळं केलंत, आता माझी पाळी. मी दिवाळीला आलो नाही ते गुर्मीनं नव्हे. दिवाळीच्या तोंडावर सरजाची आई, चतुराबाई, ओट्यावरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती बाजेवरच आहे. तिचं उठणं-बसणं, सगळं मी करतो. शाळेच्या वेळेत शेजारची पार्वतीबाई बघते. तुम्हाला कळवू द्यायला चतुराबाई तयार नव्हती. म्हणाली, ‘तिकडं कळलं तर पोर रडंल, आन् रडली तर त्या घरी तिला कोन इचारंल? वरून म्हंतील, आईनं सोंग घेतलंय.’ तिनं माझ्याकडून शपथ घेतली. मी ती पाळली आणि तुम्हाला गर्विष्ठ वाटत राहिलो. लेकीची आई पडली हे लेकीला कळवायला बापाला भीती वाटावी, यात मला तुमच्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटते.

आज शपथ मोडतो, कारण नाइलाज आहे. मतदानाला माझी नेमणूक दूरच्या गावी झाली आहे. शुक्रवारी दुपारी पेट्या घेऊन निघायचं, शनिवारी मतदान, परत यायला रविवार उजाडेल. पार्वतीबाईलाही त्याच वेळी भावाकडे जायचं आहे. सरजाला पाठवता का? तिचं मतही इथंच आहे. मी न्यायला येऊ शकत नाही. मुंजाजीला पुन्हा पाठवायचा मला धीर होत नाही.

सिताराम


झरी
१९ फेब्रुवारी १९७८

गुरुजी,

मुंजाजीला पाठवू नका. मुराळी मीच होणार. शुक्रवारी सुनेला घेऊन मी पालमला येतो.

बन्सीधर म्हणतो, ‘बाबा, मतदानाला उमेदवारच गावात न्हाई, असं कुठं आस्तंय का?’ असतं म्हणावं. खरं सांगू का, त्या दिवशी झरीत थांबायचीच मला लाज वाटते. सुनेला मी तिच्या आईचं सांगितलं. ती आत जाऊन पिशवी भरून आली आणि आज रविवार असताना दारात पायात चपला घालून उभी राहिली. केशरबाईनं तिला हाताला धरून आत नेलं.

दत्तराव


झरी
१ मार्च १९७८

सिताराम गुरुजी,

तुम्ही परतायच्या आत मी निघून आलो, हे बरोबर झालं नाही. चतुराबाईंनी तुम्हाला सांगितलं असेल, पण त्यांना जे वाटलं ते त्यांनी सांगितलं असणार. खरं काय झालं ते मी लिहितो.

शुक्रवारी उन्हं कलताना आम्ही एसटीतून उतरलो. तुमच्या घराकडे जाणारी वाट मारुतीच्या पारावरून जाते. तो लिंब दिसला आणि माझे पाय उचलेनात. त्याच ठिकाणी मी तुमची पंगत ताटकळत ठेवली होती. चतुराबाई पहाटेपासून चुलीपुढे होत्या आणि मी उठेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे मला सुनेनं एसटीत सांगितलं. सहज सांगितलं, टोमणा म्हणून नाही. तो असता तर बरं. कोणत्या तोंडानं तुमच्या उंबऱ्यात पाऊल टाकू? मी सुनेला म्हणालो, ‘तू हो पुढं, मी आलोच.’ ती धावतच गेली. आणि मी पारावर बसलो.

गुरुजी, मी रुसलो नव्हतो. देवाशपथ सांगतो. पण तुमच्या गावानं मला तिथं एकदा बघितलेलं आहे. एक म्हातारा थांबून बघून गेला, मग दोन बाया. माझ्या आधी बातमी तुमच्या घरी पोचली की इवाई पुन्हा पारावर जाऊन बसले.

थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी चार माणसं खांद्यावर बाज घेऊन येताना दिसली. वाटलं, उशीर झाला, पोरीला आई जिवंत बघायला मिळाली नाही. मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात बाजेवरचा हात हलला. सून बाजेचा पाय धरून बरोबर चालत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, पण ती नुसती घाबरलेली होती. मी तिच्या आईला काय बोलेन, याची तिला भीती.

बाज पारापाशी ठेवली. चतुराबाईंनी पडल्या पडल्या हात जोडले. म्हणाल्या, ‘इवाईबुवा, पोरीचा बाप सरकारी कामाला गेलाय, म्हनून मी आले. तुमचे पाय धरले आस्ते, पन कंबर वाकंना. काय चुकलं ते सांगा. रुसू नका. घरी चला.’ आणि उशाशी ठेवलेलं नवं पागोटं माझ्यापुढे धरलं. तुमचंच असावं, घडी मोडलेली नव्हती.

मी म्हणालो, ‘इहीनबाई, मी रुसलो न्हाई वो. मला लाज वाटायली.’

त्या म्हणाल्या, ‘लाज आमाला वाटाया पायजे. तुमी आधी हे घ्या, मंग उठा.’

मी परत सांगितलं. त्यांनी परत हात जोडले. माझ्यावर कोणाचा विश्वासच बसेना, आणि का बसावा? दुखण्यानं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी धरलेलं पागोटं त्या खाली ठेवीनात. मग मी ते घेतलं. पण डोक्याला लावलं नाही. घडी करून खांद्यावर चुंबळ ठेवली आणि बाजेचा पुढचा कोपरा उचलायला वाकलो. तिथं तुमचा मुंजाजी होता. ज्याला मी दिवाळीला परत लावलं तोच. तो म्हणाला, ‘मामा, तुमी नका, जड हाय.’ मी म्हणालो, ‘सरक बाबा.’ तुमच्या अंगणापर्यंत मी खांदा दिला. आयुष्यात मला कोणी एवढं वाजतगाजत आणलं नव्हतं आणि आयुष्यात मला एवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

रात्री तुमच्या ओसरीवर झोपलो. शनिवारी सून मत द्यायला गेली तेव्हा मी बाजेशी बसलो, पाणी दिलं, माश्या हाकलल्या. चतुराबाई दर थोड्या वेळानं विचारत, ‘राग गेला का?’ शेवटी मी ‘गेला’ म्हणालो. त्यांना झोप लागली.

छत्रीला मतं पडली ती सांगण्यासारखी नाहीत, अनामत गेली. त्यात माझं मत नाही, मी पालमला होतो. माणिकरावांची मिरवणूक काल आमच्या दारावरून गेली. त्यांनी सगळ्यांना हात जोडले, त्यात मलाही.

सून किती दिवस ठेवून घ्यायची ते तुम्ही ठरवा. तिच्या आईला चालता येईपर्यंत मी बोलावणार नाही. नंतर कोणत्या तारखेला न्यायला यायचं आणि कोणाला पाठवायचं, ते कळवा. मी येणं तुम्हाला नको असेल तर तसंही लिहा, मला वाईट वाटायचं ते वाटून झालं आहे.

दत्तराव


पालम
६ मार्च १९७८

दत्तराव व्याही, नमस्कार.

सरजा आईला काखेत धरून अंगणात चार पावलं चालवते. संक्रांत सरली तरी हलव्याचे दागिने काढले. आईनं बाजेवरूनच लेकीला घातले आणि दोघी रडल्या. तुम्ही इथंच ठेवून गेलात त्या पागोट्याला बाजेच्या लाकडावरच्या तेलाचा डाग पडला आहे, धोबी म्हणतो निघणार नाही. मी म्हणालो, राहू दे.

न्यायला येण्याची तारीख विचारलीत. तारीख नाही. कोणाला पाठवू नका, तुम्हीच या. मात्र मारुतीला लांबूनच हात जोडा आणि सरळ घरात शिरा. मी चतुराबाईला तुमचं पत्र दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणते, ‘मोठ्या मनाचे हायत, लाजेचं निमित्त केलं. पन रुसलेच व्हते वो. माजंच काईतरी चुकलं आसंल.’

सिताराम